रणगाड्यासमोरचा जवान आणि वऱ्हाडातील रिकामे हात

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणच्या आघाडीवर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेने पाकिस्तानचे पॅटन रणगाडे फोडले आणि तेथेच वीरमरण पत्करले. गाझीपूर जिल्ह्यातील एका शिंप्याच्या या मुलाचा गौरव सारे सत्ताधारी करीत आले. परंतु रणगाड्यासमोर उभ्या राहणाऱ्या पायदळाच्या हाती पुढे काय दिले, हा प्रश्न गौरव समारंभात कोणी विचारीत नाही.

शस्त्रास्त्रांची चर्चा समाजवाद्यांनी का करावी, अशी शंका काही कार्यकर्त्यांना येईल. ती गैर आहे. रणगाडा हे चाल करून जाण्याचे साधन. त्याला रोखणारे खांद्यावरचे क्षेपणास्त्र हे मुख्यतः बचावाचे हत्यार. शिवाय ते पेलणारा खांदा शेतकऱ्याच्या अन् मजुराच्या मुलाचा असतो.

भारतीय पायदळाची मोठी भिस्त आजवर ‘मिलान’वर राहिली. फ्रेंच परवान्याने ते हैदराबादच्या भारत डायनॅमिक्स या सार्वजनिक कंपनीत तयार होते. त्याच्यामागे बारीक तार उलगडत जाते आणि ते रणगाड्यावर आदळेपर्यंत जवानाला नेम धरूनच बसावे लागते. १,८५० मीटरचा पल्ला गाठण्यास सुमारे १२ सेकंद लागतात. तेवढा वेळ जागा सोडावयाची नाही आणि शत्रूच्या गोळ्या झेलावयाच्या! नव्या पिढीचे क्षेपणास्त्र लक्ष्याचा माग स्वतःच काढते, पातळ चिलखताच्या छतावर वरून आदळते. ते सोडताच जवान आडोशाला जाऊ शकतो. अमेरिकेच्या सैन्यात असे ‘जॅव्हेलिन’ १९९६ मध्येच दाखल झाले.

येथे काय घडले? ‘नाग’चा प्रकल्प १९८३ चा, पण ते अस्त्र वाहनावरून सोडावयाचे ठरले. इस्रायलचे ‘स्पाइक’ घेण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला आणि काही वर्षांतच तो बारगळला. जवानाने वाहून न्यावयाच्या स्वदेशी क्षेपणास्त्राची चाचणी सप्टेंबर २०१८ मध्ये तेव्हाच्या अहमदनगरजवळ यशस्वी झाली. तरीही मार्च २०२१ मध्ये १,१८८ कोटी रुपयांच्या ४,९६० ‘मिलान-२ टी’ची मागणी नोंदवावी लागली; आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने भारताला ‘जॅव्हेलिन’ विकण्यास संमती दिली. शास्त्रज्ञांच्या कर्तृत्वाचा हा दोष नव्हे. एक डोळा स्वावलंबनाच्या घोषणेवर आणि दुसरा परदेशी दुकानावर ठेवणाऱ्या धोरणाचा तो दोष आहे.

याची झळ वऱ्हाडालाही लागली आहे. अमरावती जिल्ह्यात भारत डायनॅमिक्सने कारखान्यासाठी जागा घेतली. विमानांविरुद्ध वापरावयाची कमी पल्ल्याची क्षेपणास्त्रे तेथे व्हावयाची होती. परंतु त्यांच्या खरेदीची २०१० ची निविदा वर्षानुवर्षे रेंगाळली आणि तिच्यापायी कारखान्याचे कामही. कंपनीचे समभाग मात्र २०१८ मध्ये तत्परतेने बाजारात विकले गेले. कारखान्याला काम देण्यास सवड नाही, भांडवलदारांना हिस्सा देण्यास आहे, असा हा न्याय!

वलगावजवळ पेढी नदीच्या काठी डिसेंबर १९५६ मध्ये गाडगेबाबांनी देह ठेवला. बेकाराला रोजगार देणे हाच धर्म, ही त्यांची शिकवण. त्याच वलगावच्या परिसरातील कापूस पिकविणाऱ्या घरांतील मुले आज सैन्यभरतीच्या मैदानावर धावतात. तेथेही ‘अग्निपथ’ने २०२२ पासून चार वर्षांच्या नोकरीची अट घातली, पुढे कायम होणार चारांतला फार तर एक. या मुलांना जोखीम पुरी मिळते; शस्त्र उशिरा आणि नोकरी अर्धवट.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. स्वदेशी क्षेपणास्त्र पायदळाच्या हाती केव्हा पडणार, याचे वेळापत्रक सरकारने संसदेपुढे ठेवावे; उत्पादन सार्वजनिक क्षेत्रातच करावे; आणि त्याचा वाटा अमरावतीला देऊन तेथील तरुणांना कायम रोजगार द्यावा. कार्यकर्त्यांनी हा प्रश्न गावोगावच्या सभांत नेला पाहिजे. जवानाच्या नावाने जयघोष करणाऱ्यांना त्या बारा सेकंदांचा हिशोब विचारण्याचा अधिकार त्याच्या आईबापांना आहे.