तारखेपेक्षा दंड स्वस्त

धानाची रोवणी ऐन भरात असताना आमच्या बपेरा गावातल्या मजुराला कोर्टाची तारीख येते. गुन्हा काय, तर चारचौघांत पैसे लावून पत्ते खेळला किंवा दारू पिऊन रस्त्यावर गोंधळ घातला. तुमसरच्या कोर्टात जायचे तर मजुरी बुडते, वकिलाची फी वेगळी, आणि नाकबूल केले की पुढची तारीख ठरलेली. व्हरांड्यात भेटेल तो एकच सांगतो, "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो." तो कबूल करतो. याला मी कबुली मानत नाही. ही त्याच्या गरिबीची वसुली आहे.

कायदा मोघम नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 275 प्रमाणे समन्स खटल्यातली कबुली शक्य तितकी आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते. त्यानंतरही दोषी ठरवावे की नाही, हा दंडाधिकाऱ्याचा विवेक. जुन्या संहितेतली हीच अट बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने महंत कौशल्य दास खटल्यात साठच्या दशकातच सांगितले. मग आयुष्यभर झाडीबोली बोललेल्या माणसाच्या नावावर छापील मराठीतली कबुली चढते कशी? कारण ते वाक्य त्याचे नसतेच. तो फक्त अंगठा देतो.

मोफत वकील मिळतो, हे त्याला सांगणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. सुक दास खटल्याने 1986 मध्येच ते ठरवून दिले. 1987 च्या विधी सेवा कायद्याने अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न पाहता हा हक्क दिला. ज्याला तो हक्क ठाऊक नाही, त्याच्या होकाराला कसली किंमत?

"दंडच तर आहे," म्हणणाऱ्यांची मला चीड येते. दंड एकदा भरून संपतो, दोषसिद्धी संपत नाही. दोषी ठरलेला पोरगा पोलीस भरतीला उभा राहिला की चारित्र्य पडताळणीत ती समोर येते. अपील करावे, तर कबुलीनंतर त्याच सुरक्षा संहितेचे कलम 416 फक्त शिक्षेचे प्रमाण आणि वैधता एवढ्यापुरतीच वाट ठेवते. पोलिसांच्या कागदावर मात्र दोषसिद्धीचा टक्का वाढतो आणि कोर्टाच्या यादीतले एक प्रकरण कमी होते. म्हणजे या घाईत फायदा सगळ्यांचा, आरोपीचा मात्र नाही.

खटले तुंबलेत, हे खरे. ते बपेऱ्याच्या मजुराने तुंबवलेले नाहीत. पहिल्याच चुकीला समज देऊन सोडण्याची सोय 1958 च्या परिवीक्षा कायद्यात आहे, आणि तसे सोडल्यास दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रताही लागत नाही. सार्वजनिक ठिकाणच्या दारूबाज गैरवर्तनाला नव्या न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आहे. त्याच तरतुदीने दंडाची मर्यादा मात्र 10 रुपयांवरून 1000 वर नेली.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आरोपीला त्याच्या बोलीत आरोप समजावून द्या, वकिलाचा हक्क सांगा, कबुलीचे परिणाम सांगा आणि मगच विचारा. एवढा वेळ ज्या न्यायालयाकडे नाही, त्याला कोणाच्या माथी गुन्हेगाराचा शिक्का मारण्याचा अधिकार नाही.