टींटीं म्हणणाऱ्यांसाठी

"एवढा मोठा झालास आणि अजून त्या व्हिडिओ गेमची टींटीं ऐकतोस?" कळमनुरीतल्या आमच्या नातलगांनी हा प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. मामा, तुम्हीही वाचा.

होय, ऐकतो. आणि ती टींटीं नाही, संगीत आहे.

मी बोलतोय 'फायनल फँटसी ६' बद्दल. १९९४ सालचा, सुपर निन्टेन्डोवरचा जपानी गेम. संगीतकार नोबुओ उएमात्सु, पियानो स्वतःच्या स्वतः शिकलेला माणूस. आमच्या गावात हा डबा काही आला नाही. आमच्याकडे होते ते पिवळ्या कॅसेटचे नकली डबे, मारिओ आणि काँट्रावाले. (कॅसेटवर ९९९९ गेम छापलेले, निघायचे सात!) हा गेम मी पुष्कळ वर्षांनी कॉम्प्युटरवर इम्युलेटर टाकून खेळलो, लोडशेडिंगच्या वेळापत्रकात बसवून. सुरुवातीलाच तीन यंत्रं बर्फातून एका खाणीच्या गावाकडे चालत जातात. गावाचं नाव नार्शे. मला आपलं नर्सी नामदेवच आठवलं. असो.

आता तुमचा मुख्य आक्षेप, की आवाज खरा नाही, पातळ आहे. बरोबर. त्या यंत्राला एका वेळी आठच आवाज काढता येतात. त्यांचे सगळे नमुने ६४ केबीत कोंबायचे. अख्खा गेम ३ एमबीचा, म्हणजे तुमच्या मोबाईलमधल्या एका एमपीथ्री गाण्याएवढा. पण वाद्य तोकडं म्हणून संगीत तोकडं, हा कुठला न्याय? पेटीला श्रुती नीट लागत नाहीत म्हणून आकाशवाणीनं १९४० साली तिला बाहेर काढलं आणि १९७१ पर्यंत आत घेतलं नाही. या काळात आपल्या भजनी मंडळांनी पेटी अडगळीत टाकली का? वाद्यात काय नाही ते मोजत बसणाऱ्यांना वाद्यात काय आहे ते ऐकू येत नाही.

आणि सिनेमातलं गाणं पाच मिनिटं वाजतं, जातं. इथे नकाशावर हिंडतानाची चाल तासन् तास पुन्हा पुन्हा वाजते. कच्ची असती तर दहाव्या मिनिटाला मीच आवाज बंद केला असता.

या गेममध्ये एक ऑपेरा आहे. सेलेस नावाची, साम्राज्याची सेना सोडून आलेली सेनापती. तिचा चेहरा एका गायिकेशी जुळतो, म्हणून तिला त्या गायिकेच्या जागी रंगमंचावर ढकलतात. पुढची ओळ कुठली ते खेळणाऱ्यानं लक्षात ठेवायचं. चुकलं की पुन्हा सुरुवातीपासून. बालगंधर्वांच्या गोष्टी सांगताना ज्यांचे डोळे पाणावतात त्यांना यात 'पोरखेळ' काय दिसतो, मला खरंच कळत नाही. यंत्राला शब्द गाणं जमणारं नव्हतं. म्हणून उएमात्सुनं गळ्यासारखा एक सूर वापरला आणि शब्द पडद्यावर लिहून दाखवले.

इथे माझं भांडण आमच्याच लोकांशी आहे. कुणी टींटीं म्हटलं की हे चाहते लगेच ऑर्केस्ट्राची रेकॉर्डिंग पुढे करतात: बघा, शंभर वादक वाजवतात, म्हणजे थोर आहे! २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या संचलनात गेमच्या चाली वाजल्या तेव्हाही हाच जल्लोष. मला आनंदच झाला, पण अहो, कोट-टाय घातलेल्या माणसांनी वाजवल्यावरच ती चाल चांगली ठरते का? म्हणजे तुम्हीही मामांच्याच बाजूचे!

२०२२ मध्ये या गेमची नवी आवृत्ती आली. तिच्यात सेलेस खरोखरीच्या गळ्यानं गाते, तेही सात भाषांत. सुरेल गाते. मराठी अर्थातच त्यात नाही. पण जुना सूर तर कुठल्याच भाषेतला नव्हता, आणि म्हणूनच तो मला माझ्या भाषेत ऐकू आला. शब्द डोळ्यांनी वाचायचे, सूर कानांनी घ्यायचा आणि गाणं आपलं आपण आत जुळवायचं. नव्या आवृत्तीत ते काम माझ्याकडून काढून घेतलंय.

२०२३ च्या कन्सोल आवृत्तीत जुनं संगीत निवडायची सोय दिली आहे. माझं तिथेच असतं. मामा, दिवाळीत आलात की ऐकवतो. ऑपेरापर्यंत पोचायला आठ-दहा तास लागतात, तेवढे काढून या.