स्टीव्हन्सची साक्ष

‘कोसला’चा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजेच तिचे लेखक भालचंद्र नेमाडे, असे गृहीत धरून बोलणारा वाचक मराठीत १९६३ पासून आहे आणि अजून कमी झालेला नाही. त्याच्याजवळ पुरावेही असतात. लेखकाचे गाव सांगवी, नायकाचे आडनाव सांगवीकर, दोघांचेही वय पंचविशीचे. एकदा हे ठरले की कादंबरीतल्या ‘मी’चे प्रत्येक वाक्य लेखकाच्या खात्यावर जमा होते. मग पांडुरंग कुठे थापा मारतो, कुठे टिंगल करता करता दुखणे झाकतो, हे पाहायचे राहूनच जाते.

या सवयीवर उतारा म्हणून मी एकच कादंबरी सुचवत आलो आहे. काझुओ इशिगुरो यांची ‘द रिमेन्स ऑफ द डे’. १९८९ ची, त्याच वर्षीचे बुकर मिळालेली. इशिगुरो जन्माने नागासाकीचे, पाच वर्षांचे असताना इंग्लंडात आलेले, आणि ही कादंबरी लिहिताना ऐन तिशीतले. त्यांचा ‘मी’ मात्र एका इंग्लिश लॉर्डच्या हवेलीत हयात घालवलेला, उतारवयाला लागलेला बटलर आहे. लेखक आणि निवेदक यांची गल्लत करायला इथे जागाच नाही. मुकाट्याने स्टीव्हन्सचेच ऐकावे लागते.

जुलै १९५६. लॉर्ड डार्लिंग्टन वारले आहेत. हवेली फॅरडे नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने घेतली आहे, आणि हवेलीबरोबर स्टीव्हन्सही त्याच्याकडे आला आहे. मालकाचीच फोर्ड गाडी घेऊन तो सहा दिवसांच्या प्रवासाला निघतो. कारण काय, तर नोकरमाणसे अपुरी पडताहेत, आणि वीस वर्षांपूर्वी लग्न करून गेलेल्या हाउसकीपरचे पत्र आले आहे. ती परत कामावर येते का, ते पाहायचे. तिची मिसेस बेन होऊन इतकी वर्षे झाली, तरी हा तिला ‘मिस केंटन’च म्हणतो आणि त्याचीही सबब देतो. ताकाला जाऊन भांडे लपवणारे पुष्कळ असतात. स्टीव्हन्स ते स्वतःपासूनच लपवतो.

वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये ‘द रेटरिक ऑफ फिक्शन’ या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची कल्पना मांडली. आज ती परीक्षेतल्या टिपांपर्यंत पोचली आहे, आणि तिथे तिचे पार मातेरे झाले आहे. शिक्का मारला की काम संपले. निवेदक खोटारडा, वाचक फौजदार. स्टीव्हन्सवर हा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. तो खोटे बोलतच नाही असे नाही. डार्लिंग्टन यांच्याकडे नोकरी केल्याचे तो दोनदा चक्क नाकारतो. पण ही गोष्ट आपल्याला सांगतो कोण? तोच. कुणी विचारलेलेही नसताना. त्याच्या खोटेपणापेक्षा त्याच्या चुका मला अधिक बोलक्या वाटतात; त्या कुठल्या बाजूला कलतात ते पाहावे.

पहिली चूक वडिलांच्या बाबतीतली. सत्तरी ओलांडलेले त्याचे वडील त्याच हवेलीत त्याच्या हाताखाली कामाला येतात. म्हातारपणी हातून चुका होऊ लागतात, सुपली हॉलमध्येच राहते, शोभेच्या पुतळ्यांची अदलाबदल होते. या चुका लहान असल्या तरी त्यांचा अर्थ मोठा आहे, असे मिस केंटनने आपल्याला सुनावले, असे स्टीव्हन्स सांगतो. आणि थोड्याच ओळींनंतर अडखळतो. इतके स्पष्ट ती बोलली असेल का? बहुतेक हे शब्द लॉर्ड डार्लिंग्टन यांचे असावेत, पुढे म्हातारा ट्रेसकट हिरवळीवर पडल्यानंतरचे. वडिलांबद्दलचा जिव्हारी लागणारा शब्द मालकाने उच्चारलेला. आठवणीने तो परस्पर बाईच्या तोंडी घातला. मालक सुटला.

दुसरी चूक अधिक खोल आहे. मिस केंटनच्या खोलीच्या बंद दाराबाहेर आपण उभे आहोत आणि आत ती रडते आहे अशी खात्री वाटते आहे, हे चित्र स्टीव्हन्सच्या मनात पक्के बसले आहे. तो ते आधी तिची मावशी गेली त्या दिवसाला जोडतो. मावशीने तिला आईच्या मायेने वाढवलेले, त्यामुळे रडणे साहजिक. त्या दिवशी स्टीव्हन्स सांत्वनाचा शब्द बोलायला विसरतो आणि नंतर तिला गाठून नव्या मोलकरणींच्या कामातल्या उणिवा काढतो. हे सगळे सांगून झाल्यावर पुढे त्याला वाटू लागते की दाराबाहेरचा तो क्षण त्या दिवसाचा नसावा. तो दुसऱ्याच रात्रीचा. बैठकीत ब्रिटनचे पंतप्रधान आणि हिटलरचा राजदूत रिबेन्ट्रॉप यांची गुप्त भेट चालू आहे, आणि मिस केंटनने, बेनने घातलेली लग्नाची मागणी आपण मान्य केली, असे त्याला सांगितले आहे. तो कोरडे अभिनंदन करून कामाला परततो. म्हणजे मावशीच्या मरणाशी त्या रडण्याचा संबंध नव्हता. संबंध होता तो याच्याशी. पहिल्या चुकीत मालक सुटला होता, दुसरीत तो स्वतः सुटत होता. पण दोन्ही ठिकाणी दुरुस्ती त्यानेच केली आहे. खोटारडा माणूस आपल्या जबानीत अशा दुरुस्त्या करत बसत नाही.

म्हणून अशा कादंबऱ्या वाचताना निवेदक स्वतःबद्दल काय म्हणतो यापेक्षा बाकीचे लोक त्याला काय म्हणतात तिकडे लक्ष द्यावे. हवेलीत भरलेल्या १९२३ च्या परिषदेच्या रात्री वर वडील शेवटच्या घटका मोजताहेत आणि हा खाली पाहुण्यांना पोर्ट ओततो आहे. स्वतःच्या भावनेबद्दल चकार शब्द नाही. कार्डिनल नावाचा तरुण पाहुणा विचारतो, बरे आहे ना? लॉर्ड म्हणतात, तू रडतोयस की काय? तेवढ्यावरून आपल्याला कळते. शेवटी वेमथच्या धक्क्यावर एक अनोळखी माणूस त्याला हातरुमाल देऊ करतो, तेव्हाही तसेच. दोन्ही वेळा ‘मी रडलो’ हे वाक्य त्याच्या तोंडी नाही.

इतके समजून घेतल्यावरही एका प्रसंगी मी स्टीव्हन्सला माफ करू शकत नाही. १९३२ मध्ये लॉर्ड फॅसिस्टांच्या नादी लागतात आणि रूथ व सारा या दोन मोलकरणींना केवळ ज्यू म्हणून कामावरून काढायला सांगतात. मिस केंटन भांडते, आपणही नोकरी सोडू म्हणते, सोडत नाही, आणि पुढे त्याला सरळ आपला भित्रेपणा म्हणते. स्टीव्हन्स हुकूम बजावतो. वर्षभराने लॉर्डना पश्चात्ताप होतो, तेव्हा हा तिला जाऊन सांगतो की मलाही तेव्हा फार वाईट वाटले होते. ती संतापून विचारते, मग तेव्हा तसे का बोलला नाहीस? तिला उत्तर मिळत नाही. मालकाने परवानगी दिल्यावर ज्याला वाईट वाटते त्याच्या निष्ठेला मोठेपणा म्हणायला मी तयार नाही.

प्रकरणे दिवसावार आहेत आणि त्यांत पाचवा दिवस नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो मिस केंटनला भेटायच्या तयारीत असतो. एकदम सहाव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा लिहू लागतो. आयुष्य तुमच्याबरोबर काढले असते तर कसे झाले असते, असा विचार मनात येतो, हे तिने त्याला सांगितलेले असते. तेव्हा आपले काळीज फाटत होते, हे तो कबूल करतो. आपल्याजवळ, तिच्याजवळ नाही. ही कबुली मुळात कादंबरीत नव्हती. लेखन संपले असे वाटल्यावर टॉम वेट्सचे एक गाणे ऐकून आपण ती घातली, असे इशिगुरो यांनी २०१७ च्या नोबेल भाषणात सांगितले आहे.

मूळ मुंबईचे इस्माईल मर्चंट आणि जेम्स आयव्हरी यांनी १९९३ मध्ये यावर चित्रपट केला. अँथनी हॉपकिन्सचे काम अप्रतिम आहे. पण कॅमेरा आपल्याला स्टीव्हन्सचा चेहरा दाखवतो, आणि जे त्याच्या वाक्यांच्या आडून शोधायचे ते समोरच दिसते. मला कादंबरी सरस वाटते ती यासाठी.

आता पुढच्या वेळी विश्राम बेडेकरांची १९३९ ची ‘रणांगण’ हाती घ्याल, तेव्हा चक्रधर विध्वंस स्वतःबद्दल काय म्हणतो ते जरा बाजूला ठेवा. बोटीवर भेटलेली ती ज्यू मुलगी, हॅर्टा, त्याला काय काय म्हणते तेवढेच सलग वाचा. काय दिसले ते मला जरूर कळवा.