सोयरिकीचा संशय

ज्याच्या हातीं राज्याचीं गुपितें द्यावयाचीं त्याचे सोयरेधायरे कोठें आहेत, हें सरकारनें विचारूंच नये, असें म्हणणारा एक पक्ष आहे. आम्ही त्या पक्षाचे नव्हे. आमच्या नागपुरांत अंबाझरीला आयुधनिर्माणी आहे. तेथें कामाला कोण येतो याची चौकशी झालीच पाहिजे. आमचा तंटा चौकशीशीं नसून, तिला खरें उत्तर देणाऱ्याचें पुढें जें होतें त्याच्याशीं आहे.

केंद्र सरकारच्या नोकरीस लागणाऱ्यास साक्षांकन-नमुना भरून द्यावा लागतो. आईबाप आणि पती वा पत्नी यांचें राष्ट्रीयत्व व जन्मस्थान, परदेशीं राहणाऱ्या मुलांचा तपशील, उमेदवार मूळचा पाकिस्तानांतील असल्यास तेथला पत्ता व इकडे आल्याची तारीख, असे त्यांत रकाने असतात. माथ्यावर ताकीद असते कीं, खोटी माहिती देणें किंवा खरी दडविणें ही अपात्रता ठरेल. ठीकच आहे. पण खरें सांगणाऱ्याचा त्या खरेपणापायीं घात होणार नाहीं, असें आश्वासन मात्र त्या कागदावर नसतें! लिहावें तर आप्त दिसून संशय यावयाचा आणि गाळावें तर गाळल्याबद्दल नालायक ठरावयाचें. अशा कात्रींत माणसाला धरून वर त्याची सचोटी पारखतों म्हणणें, याला आम्ही पारख म्हणत नाहीं. असा नमुना माणसांना लपवावयास शिकवितो.

जरीपटक्यांत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती आहे. त्यांपैकीं कोणाची आत्या कराचीस राहिली असेल, तर ती सीमा कांहीं तिनें आंखली नव्हती. धरमपेठेंतला मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला कीं आपण पेढे वाटतों. नातें तेंही परदेशाशींच. शत्रुराष्ट्र आणि मित्रराष्ट्र यांतला भेद आम्हांस कळतो. पण हेरखातीं मित्रांचींही असतात. आत्येशीं व्यवहार काय, पैसा येतो काय, तिच्याआडून कोणी दडपण आणूं शकेल काय, हें तपासावें. तिचें नुसतें असणें हा पुरावा कसा?

वर्ध्याच्या डॉ. पांडुरंग खानखोजे यांचें उदाहरण विदर्भाला परकें नाहीं. गदर चळवळींतील हा क्रांतिकारक मेक्सिकोंत शेतकीचा शास्त्रज्ञ झाला. १९३६ मध्यें त्यांनीं एका बेल्जियन बाईशीं लग्न केलें. ब्रिटिश सरकारनें त्यांना धोकेबाज समजून मायदेशीं परतूं दिलें नाहीं. (त्या सरकारच्या दृष्टीनें तें चूकही नव्हतें!) स्वातंत्र्यानंतर ते आले, सहकुटुंब याच शहरांत राहिले आणि १९६७ मध्यें वारले. परदेशींच्या दीर्घ वास्तव्यानें वा संसारानें त्यांची देशनिष्ठा पातळ झाली, असें म्हणण्याची कोणाची छाती आहे? के. आर. नारायणन् यांनीं १९५१ मध्यें ब्रह्मदेशीय वधूशीं विवाह केला, तेव्हां परराष्ट्रसेवेच्या नियमांमुळें नेहरूंची खास परवानगी लागली. ती मिळाली, म्हणूनच १९७६ मध्यें त्यांना चीनमध्यें राजदूत म्हणून पाठवितां आलें आणि १९९७ मध्यें ते राष्ट्रपति झाले. म्हणजे माणूस पाहून निर्णय घेतां येतो. घेणारा मात्र हवा.

राहतां राहिला अपुऱ्या माहितीचा मुद्दा. दडविणें आणि राहून जाणें यांत अंतर आहे, आणि तें ओळखण्याइतकी बुद्धि अधिकाऱ्यास असावी. अवतारसिंगांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें २०१६ मध्यें स्पष्ट केलें कीं, नमुन्यांतला प्रश्न मोघम नसावा, नेमका असावा. जें नेमकें विचारलें तेवढेंच सांगणें उमेदवारास बंधनकारक. आणि क्षुल्लक बाब गाळली गेल्यास तिच्याकडे काणाडोळा करण्याची मुभा मालकास आहे. तो खटला पोलिसी प्रकरणें दडविण्याचा होता हें खरें. पण पोलिसी प्रकरणाबाबत जी उदारता शक्य, ती आत्येबाबत अशक्य कां असावी?

आणखी एक गोष्ट. केरळांतील एका वृत्तवाहिनीस गृहखात्यानें सुरक्षाविषयक मंजुरी नाकारली आणि कारणें बंद लिफाफ्यांतून न्यायालयास दिलीं. एप्रिल २०२३ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो प्रकार अन्यायाचा ठरवून वाहिनीच्या बाजूनें निकाल दिला. वाहिनीपाशीं नामांकित वकील होते. विदर्भांतल्या एखाद्या पदवीधराच्या हातीं ‘अपात्र’ एवढाच शेरा पडला, तर येथल्या खंडपीठापुढें त्यानें खोडून काढावें तें काय? निदान कोणता रकाना नडला, एवढें तरी त्यास लेखी कळवावें. त्यानें कोणतें गुपित फुटतें, हें गृहखात्यानें आम्हांस सांगावें.