आणखी एक महिना

गेल्या रविवारी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन घरी आली. अतिवाहकतेच्या सिद्धांतावर पीएच.डी. करते आहे. तिसरे वर्ष, हाती काही नाही. आई कळवळून म्हणाली, "साकातु, सर! हे सोडून बी.एड. कर म्हणून तुम्हीच सांगा हिला." लेक खाली मान घालून बसली होती.

मी मराठीचा एम.ए. विज्ञानात माझी गती बेताचीच. पण याच विषयातली एक गोष्ट वाचलेली होती, ती सांगितली.

1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कामरलिंग ओन्नेस यांनी पारा उणे 269 अंशांपर्यंत थंड केला, तेव्हा त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा झाला. असे का होते, ते चार दशके कुणालाच नीट सांगता येईना. आइन्स्टाइन, फाइनमन यांनीही हात टेकले. 1956 मध्ये लिऑन कूपर यांनी दाखवले की, किंचित आकर्षण लाभले तरी धातूतल्या दोन इलेक्ट्रॉनांची जोडी जमते. पण असंख्य जोड्यांचे गणित एकत्र मांडायचे कसे? एका वारकऱ्याची पावले मोजून साऱ्या दिंडीचा ठेका कळत नाही, तशातली गत.

इलिनॉय विद्यापीठात जॉन बार्डीन यांच्या हाताखाली रॉबर्ट श्रीफर हा पंचविशीतला विद्यार्थी याच कोड्याशी झगडत होता. कंटाळून तो विषय बदलायला निघाला. बार्डीन तेव्हा ट्रान्झिस्टरसाठीचे नोबेल घ्यायला स्टॉकहोमला चालले होते. त्यांनी त्याला आणखी महिनाभर प्रयत्न करायला सांगितले. 1957 च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत श्रीफरला साऱ्या जोड्यांना एकत्र गुंफणारे सूत्र सुचले. त्याच वर्षी तिघांचा सिद्धांत प्रसिद्ध झाला. 1972 मध्ये तिघांना नोबेल मिळाले.

"सगळ्यांनाच नोबेल मिळत नाही, वहिनी," मी म्हणालो, "पण बार्डीननी जन्मभर झट असे सांगितले नाही. मुदत घालून दिली." मग मुलीला विचारले, "कुठे अडलंय ते मार्गदर्शकांना मोकळेपणी सांगितलंस?" तिने नकारार्थी मान हलवली. म्हटले, "आधी ते सांग. त्यांच्याकडून मुदत घे. तेवढ्यात नाही जमले, तर विषय बदल. त्यात कमीपणा नाही."

"आतु री, सर," म्हणत आई उठली. लेकीने पहिल्यांदाच मान वर केली.

पालकहो, परीक्षेचा निकाल ठरल्या दिवशी लागतो. संशोधनाला तशी तारीख नसते. म्हणून मुलांना हवी असते थोडी मुदत, आणि तेवढ्या दिवसांपुरता घरच्यांचा विश्वास.