एकाच वर्षाची दोन लेकरं

१५ ऑगस्टला झेंडावंदन होते, घरोघरी जिलेबी येते. याच दिवशी १९९९ साली 'अल्फा टीव्ही मराठी' सुरू झाली. २००५ मध्ये तीच 'झी मराठी' झाली. वाहिनी सुरू होण्याच्या साडेतीन महिने आधी, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा होऊन आपला हिंगोली जिल्हा जन्मला होता. वाहिनी आणि जिल्हा, दोघे एकाच वर्षाचे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ला, सुभाषचंद्र यांनी 'झी टीव्ही'द्वारे हिंदीत खासगी उपग्रह वाहिनीचे दार उघडले. मराठीवर धंदा चालेल का, ही शंका मात्र उरली होती. 'अल्फा'वरच्या 'आभाळमाया'सारख्या मालिकांनी ती मोडीत काढली.

आपल्या गल्ल्यांत केबलची काळी वायर स्लॅबवरून स्लॅबवर, कडुनिंबाच्या फांदीला वळसा घालून यायची. भारनियमनात ऐन वेळी लाइट गेली की भाग हुकायचा. मग दुसऱ्या दिवशी हापशावर कळशी भरता भरता तो शेजारणीकडून ऐकून घ्यायचा. दिवसभर निंदणी करून आलेल्या बाईला आपल्या भाषेतली करमणूक रोज घरात मिळू लागली, हे या वाहिनीचे मोठे देणे आहे आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

पण या करमणुकीत आपण फक्त ऐकणारेच राहिलो. खासगी वाहिनी जाहिरातींवर जगते; जाहिरातदाराचा माल जिथे जास्त खपतो, त्या घरांकडे तिची नजर आधी जाते. म्हणून पडद्यावरचे दिवाणखाने मुंबई-पुण्याचे आणि बोलीही तिकडचीच. 'काय करायलास?' हे आपले रोजचे बोलणे मालिकेत आलेच तर बहुधा गड्याच्या नाहीतर विनोदी पात्राच्या तोंडी येते. आपली लेकरे ते पाहतात आणि शहरात गेल्यावर स्वतःची बोली गिळतात. हे नुकसान कोणत्याही आकड्यात मोजले जात नाही.

संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. नामदेवांची वाणी पायी पंजाबपर्यंत पोहोचली; त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत. ज्या मातीचा शब्द एवढा लांब गेला, तिची बोली मुंबईच्या पडद्यावर परकी का ठरावी?

वाहिन्यांनी आता वसमतच्या हळदीच्या रानातली बाई नायिका करावी आणि तिला तिच्याच बोलीत बोलू द्यावे. आपणही घरात ती बोली ताठ मानेने बोलावी. पडद्यावर 'काय करायलास?' ऐकून हिंगोलीतले एखादे पोर लाजण्याऐवजी आईला हाक मारील, 'माय, आपल्यासारखंच बोलायलेत!' त्या दिवशी ही वाहिनी खऱ्या अर्थाने आपल्या जिल्ह्याची जुळी बहीण होईल.