शाल, श्रीफळ आणि वही

मी या महाविद्यालयाचा जुना विद्यार्थी. नोकरीच्या निमित्ताने बुऱ्हाणपूरला आलो आणि पाहता पाहता इथलाच होऊन गेलो. आदानप्रदान शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांविषयी लिहा, असे संपादकांनी कळवले तेव्हा प्रथम नकारच द्यावा असे वाटले. मी स्वतः कधी परदेशी गेलो नाही. जाणाऱ्यांना निरोप देण्याच्या आणि परतलेल्यांचा सत्कार करण्याच्या समारंभांना मात्र पुष्कळदा हजर राहिलो आहे. एका सत्काराला तर अध्यक्ष म्हणून. त्या सत्काराचा सल अजून मनातून गेलेला नाही. तोच या लेखाचा विषय.

भुसावळहून खांडव्याकडे निघालेली गाडी रावेर सोडते आणि थोड्याच वेळात महाराष्ट्र संपून मध्यप्रदेश सुरू होतो. पुढे बुऱ्हाणपूर. इथल्या मराठी घरातले मूल घरात मराठी बोलते, शाळेत हिंदीतून शिकते आणि बाजारात हिंदी, उर्दू, निमाडी यांपैकी समोरच्याला जी कळेल ती वापरते. तुमच्या अंकात मराठी पानांच्या शेजारी कन्नड पाने असतात. त्यामुळे दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढणे म्हणजे काय, हे तुम्हांला निराळे सांगायला नको.

अशाच एका घरातली मुलगी माझी विद्यार्थिनी होती. वडिलांचे चार यंत्रमाग. मागांच्या खडखडाटातच तिने बी.एस्‌सी.चा अभ्यास केला. पुढे मोठ्या शहरात एम.एस्‌सी.ला गेली आणि तिथून एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर जर्मनीला. तिची पत्रे आणि फोन येत. पहिल्या आठवड्यात रविवारी सगळी दुकाने बंद असतात हे ठाऊक नसल्यामुळे तिने बिस्किटांवर दिवस काढला. पण ती गंमत झाली. खरा धक्का वर्गात बसला. प्राध्यापकांनी एक शोधनिबंध वाचायला दिला आणि विचारले, "यात तुम्हांला काय पटत नाही?" ती मला म्हणाली, "सर, पंधरा-सोळा वर्षे शिकले, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. छापलेले पटले नाही तरी चालते, हेच मला माहीत नव्हते." त्या सोळा वर्षांतली तीन वर्षे ती माझ्याच वर्गात होती. मी काही बोललो नाही.

त्याहून मोठा प्रसंग पुढेच होता. तिथल्या विद्यार्थ्यांनी एक संध्याकाळ ठरवली. परदेशातून आलेल्या प्रत्येकाने आपल्या गावाची माहिती सांगायची. हिने मुमताज महलचा मृत्यू १६३१ साली बुऱ्हाणपुरात झाला इथपासून सुरुवात केली, केळीच्या बागा आणि मावा जिलेबी सांगितली. मग एकाने विचारले, "तुमच्या गावाला पूर्वी पाणी कुठून येई?" तिने कुंडी भंडाऱ्याचे नाव घेतले. ते कसे चालते, असे त्याने पुन्हा विचारले, आणि तिथे ती अडली. गावात जन्मून, वाढूनही ती कुंडीत कधी उतरली नव्हती. त्याच रात्री, आमच्याकडे बारा वाजून गेल्यावर, तिचा फोन आला. "सर, कुंडी भंडारा समजावून सांगा." खरे सांगायचे तर मीही तो एकदाच, पाहुण्यांना दाखवायला म्हणून, पाहिला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सातपुड्याच्या उतारावरचे पाणी जमिनीखालून तापीकडे झिरपत येते. ते वाटेत अडवून, भुयारातून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे, अशी ही योजना. भुयारावर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या बांधलेल्या आहेत. ना मोट, ना पंप. कवी रहीम म्हणून आपण ज्यांना ओळखतो, ते अब्दुल रहीम खानखाना इथे मोगलांचे सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, हे काम झाले. योजना आखली तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने. इराणात अशा भुयारी कालव्यांना कनात म्हणतात आणि ती विद्या तिथे फार जुनी आहे. म्हणजे इराणची विद्या बुऱ्हाणपुरात आली आणि चारशे वर्षे टिकली. का टिकली? विद्या आणणारा माणूस आला तेव्हा इथे त्याला कुणीतरी काम दिले. "तुला काय येते?" असे विचारले आणि ते करून घेतले. नुसती शाल पांघरून परत पाठवले असते, तर गावाला पाणी मिळाले नसते.

आता त्या सत्काराकडे येतो. वर्ष संपवून मुलगी परतली. गावातल्या एका संस्थेने कार्यक्रम ठेवला. हार झाले, शाल आणि श्रीफळ झाले. पाच जणांची भाषणे झाली. अध्यक्ष या नात्याने मी वीस मिनिटे बोललो. तिने गावाचे नाव सातासमुद्रापार नेले, असे काहीसे म्हणालो. शेवटी सत्कारमूर्तीला पाच मिनिटे मिळाली, तेव्हा मागच्या खुर्च्या चहाकडे निघाल्या होत्या. नंतर लोकांनी तिला घेरले आणि प्रश्न विचारले. तिकडे थंडी किती? जेवणाचे काय केलेस? पगार किती मिळतो? परत जाणार ना? तिच्या पिशवीत एक जाड वही होती. कापड रंगवल्यावर उरणाऱ्या पाण्याचे काय करता येते, याची वर्षभराची टिपणे तिच्यात होती. मागांच्या या गावाला त्याहून जवळचा विषय कोणता? पण ती वही पिशवीतून बाहेर आली नाही. कुणी विचारलेच नाही. मीही नाही.

वर्षाच्या आत तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. अशा वेळी आपण 'बुद्धिमंतांचे स्थलांतर' असा जड शब्द वापरतो आणि जाणाऱ्याला दोष देऊन मोकळे होतो. माझे म्हणणे असे की दोष आधी आपला आहे. आपण मुलांना जाताना रिकाम्या हातांनी धाडतो, आणि येताना बंद कानांनी स्वागत करतो.

ही सवय आजची नाही. परदेशी शिष्यवृत्तीची आपल्याकडची सर्वांत मोठी कहाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. त्या विद्यार्थ्याने तिथे काय केले? १९१६ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, भारतातल्या जातिसंस्थेच्या उगमावर निबंध वाचला. दूर गेल्यावर घर नीट दिसते, ते असे. मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली ते परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. नाव बदलून पारशी उतारूगृहात राहावे लागले, आणि अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन दाराशी आले. कचेरीत शिपाई कागद लांबून फेकत. करारात दहा वर्षांची चाकरी लिहिलेली होती, पण डोक्यावरच्या छपराची सोय कुणी लिहिली नव्हती. महाराजांनी शिष्यवृत्ती दिली. समाजाने घराचे दार उघडले नाही. पुढे प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज यांवर ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि राहिलेले शिक्षण पुरे केले.

माझ्या विद्यार्थिनीच्या पिशवीतली वही आणि बाबासाहेबांनी सोसलेला अपमान यांची तुलना मी करीत नाही. ती करणे म्हणजे अस्पृश्यतेचे दुःख हलके करणे होय. पण पाठवणे आणि परत घेणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा अवघड आहे, हे त्या प्रसंगाइतके स्पष्ट कुठेच दिसत नाही.

उलट उदाहरणेही आहेत. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. मोठ्या पगाराच्या जागा त्यांना सहज मिळाल्या असत्या. पण पुण्यात फर्ग्युसन कॉलेज त्यांची वाट पाहत होते. १९०२ साली ते तिथे प्राचार्य झाले आणि दोन दशकांहून अधिक काळ राहिले. कमला सोहोनी तर आमच्या जवळच्या इंदूरला जन्मलेल्या. दुर्गा भागवतांच्या भगिनी. बंगलोरच्या संस्थेत बाई म्हणून आधी प्रवेश नाकारला गेला, तो त्यांनी भांडून मिळवला. पुढे शिष्यवृत्तीवर केंब्रिजला जाऊन १९३९ साली डॉक्टरेट घेतली आणि त्याच वर्षी त्या मायदेशी परतल्या. नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. केंब्रिजमधली विद्या ताडामाडाच्या रसाला लावली! परदेशी शिक्षणाचे याहून चांगले देशीकरण मला माहीत नाही.

म्हणून 'आदानप्रदान' या शब्दाकडे पुन्हा पाहू या. अमेरिकेत फुलब्राइट योजना १९४६ साली सुरू झाली ती महायुद्धातून उरलेल्या सामानाच्या विक्रीच्या पैशातून. भारताशी तिचा करार १९५० साली झाला. २००८ साली भारताने खर्चाचा बरोबरीचा वाटा उचलायचे ठरवले आणि नावात नेहरूंचे नाव जोडले गेले. म्हणजे घेणारा आणि देणारा एका पातळीवर आले. कागदावर हे ठीक झाले. पण आमच्यासारख्या गावात आदानच चालते. प्रदान करायला आपल्याजवळ काय आहे, हे आपल्या मुलांना ठाऊकच नसते. कुंडी भंडाऱ्याचा प्रश्न जर्मन मुलाने विचारला म्हणून कळले.

इथे एक नियमही खटकतो. केंद्र शासनाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे आणि तिने अनेक वंचित घरांतल्या मुलांना बाहेरचे जग दाखवले. २०२२ साली तिच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतीय समाज यांवरचे विषय वगळले गेले. हे विषय इथेच शिकता येतात, अशी त्यामागची भूमिका. पण या कसोटीला बाबासाहेबांचा १९१६ चा निबंध उतरला असता का? आपल्या घराविषयीचे प्रश्न दुरून विचारायलाच जर मनाई असेल, तर विद्यार्थी फक्त उत्तरे घेऊन येतील, आणि तीही दुसऱ्यांच्या प्रश्नांची.

प्राध्यापक बंधुभगिनींना मला तीनच गोष्टी सुचवायच्या आहेत. त्यांना पैसा लागत नाही. पहिली: विद्यार्थी जाण्यापूर्वी त्याला महिनाभर आपले गाव शिकवावे. पाणी कुठून येते, बाजारात काय विकते, कोणत्या भाषा बोलल्या जातात, कोण कुणाच्या घरी पाणी पीत नाही, हेसुद्धा. दुसरी: तो परतल्यावर सत्कार जरूर करावा, पण भाषणे त्यानेच करावीत. एक नव्हे, निदान सहा. वर्गात, फळ्यासमोर, मातृभाषेत. ज्याला तिकडची विद्या मराठीत किंवा कन्नडमध्ये सांगता येत नाही, त्याची ती अजून पुरती पचलेली नाही, असे समजायला हरकत नाही. तिसरी: तिकडचा विद्यार्थी आपल्याकडे यावा, आपल्या घरी राहावा आणि आपल्याला अवघड प्रश्न विचारावे, अशी सोय पाहावी. एकाच बाजूने माणसे जाणार असतील, तर त्याला आदानप्रदान का म्हणावे?

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या जातील. फॉर्म भरताना अधिवासाचा रकाना नीट वाचा. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू शिष्यवृत्तीला महाराष्ट्राचा रहिवास लागतो. मातृभाषा मराठी एवढ्याने भागत नाही, हे आम्हां सीमेपलीकडच्या मराठी माणसांना चांगलेच ठाऊक आहे. ज्याचे राज्य, त्याचे दार ठोठवावे. पण फॉर्मच्या आधी एक काम करा. आपल्या गावाविषयी स्वतःला दहा प्रश्न विचारा, आणि ज्यांची उत्तरे येत नाहीत ती शोधूनच विमानात बसा.

गेल्या दिवाळीत ती विद्यार्थिनी घरी आली होती. फराळ झाल्यावर मी वहीची चौकशी केली. हसून म्हणाली, "आईच्या कपाटात आहे, सर." मी म्हटले, "घेऊन ये." ती स्कूटरवरून जाऊन घेऊन आली. दोन तास ती मला रंगाच्या पाण्याचे गणित समजावीत होती. अर्धे मराठीत, अर्धे हिंदीत, मधूनच एखादा जर्मन शब्द. काही समजले, काही नाही. निघताना तिने वही उचलली तेव्हा मी ती ठेवून घेतली. येत्या सत्रात आमच्या रसायनाच्या मुलांपुढे तिने उभे राहावे, असे ठरले आहे. तारीख अजून निघायची आहे. या वेळी अध्यक्ष नसेल, आणि मी पहिल्या बाकावर बसेन.